'जळाले' आणि 'जाळले' : गांधीहत्येची लोकप्रतिक्रिया, 'वावटळ' आणि परभणीकडील १९४८

गांधीहत्येविषयी मराठीत झालेले लेखन विपुल आहे. परंतु गांधीहत्येनंतर मराठी माणसांनी काय केले, याविषयीचे लेखन मात्र बोटांवर मोजण्याइतके आहे. श्रद्धांजलीपर कविता आणि लेख, खटल्याचे वृत्तान्त, मारेकऱ्यांच्या बाजूची कैफियत आणि तिचे खंडन असा मोठा पसारा गेल्या कित्येक दशकांत साचला. त्यातून लोकप्रतिक्रिया हाच ज्याचा गाभा आहे असे ललित लेखन निवडावयाचे झाल्यास व्यंकटेश माडगूळकरांच्या 'वावटळ' (१९६४) या लहानशा कादंबरीपाशी येऊन थांबावे लागते. ही कादंबरी पश्चिम महाराष्ट्राची आहे. परभणी जिल्ह्यातील वाचक ती वाचतो तेव्हा त्यास ती काहीशी परमुलखातील गोष्ट वाटते, आणि तरीही त्याच वर्षाची, त्याच भाषेतील एक गोष्ट आपल्याकडे सांगावयाची राहून गेली आहे, ही जाणीव त्यास अस्वस्थ करते. प्रस्तुत विवेचनाचा रोख या अस्वस्थतेकडे आहे.

आरंभ शब्दांपासून करणे इष्ट. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस बिर्ला भवनाच्या आवारात जे घडले त्यास मराठीत तीन नावे आहेत : खून, हत्या आणि वध. 'खून' हा कचेरीचा आणि न्यायालयाचा शब्द. त्यात मृताची थोरवीही नाही आणि मारणाऱ्याचा हेतूही नाही. 'हत्या' या शब्दामागे ब्रह्महत्या, गोहत्या यांची पापभावना उभी आहे. 'वध' म्हटले की मराठी कानांस कंस, कीचक आणि अफझलखान आठवतात. या कारणास्तव 'गांधीवध' या समासास अनेकांनी आक्षेप घेतला, आणि तो निराधार नाही. तथापि हा शब्द वापरणारा प्रत्येक जण मारेकऱ्याचा पक्षपाती होता, असे अनुमान काढणे भाषाशास्त्रदृष्ट्या उतावळेपणाचे ठरेल. 'गोवधबंदी' या शब्दातील वध निंद्यच आहे. 'गांधीवधानंतरच्या दंगली' असे सहज लिहून जाणाऱ्यांत ज्यांची स्वतःची घरे गेली असे लोक होते, तसे ज्यांनी गांधीजींसाठी तुरुंगवास भोगला असेही होते. शब्द रूढ झाला आणि त्याची धार बोथट झाली. गांधीहत्येच्या चर्चेत या एका शब्दाचीच छाननी फार झाली. तिच्या तुलनेने दुसऱ्या एका, अधिक साध्या दिसणाऱ्या शब्दाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तो शब्द 'जळीत' होय.

हत्येची वार्ता आकाशवाणीवरून त्याच सायंकाळी पसरली. मारेकरी हिंदू आहे हे प्रथम कळले, तो मराठी आहे, पुण्याचा आहे आणि ब्राह्मण आहे हे त्यामागून कळत गेले. आणि जसजसे कळत गेले तसतसा शोकाचा रंग पालटत गेला. मुंबई, पुणे, नागपूर येथे हल्ले झाले. मुंबईत नारायणराव सावरकर दगडफेकीत जबर जखमी झाले. कोल्हापुरास भालजी पेंढारकरांचा चित्रपटनिर्मितीचा स्टुडिओ भस्मसात झाला. पण खरा वणवा पसरला तो खेड्यांतून. सातारा जिल्हा आणि दक्षिणी संस्थाने यांच्या गावोगावी ब्राह्मणांची घरे पेटली. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकट्या सातारा जिल्ह्यात सुमारे एक हजार घरे जळाल्याचा सरकारी अंदाज नमूद केला आहे. मनुष्यहानीच्या मानाने वित्तहानी मोठी होती, आणि त्यामागे केवळ शोक नव्हता हेही आता इतिहासकारांनी पुरेसे स्पष्ट केले आहे. सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीने जागविलेला स्वाभिमान, कूळ व सावकार यांमधील जुने हिशेब, १९४२ नंतरच्या पत्री सरकारच्या काळात गावांस झालेली स्वयंनिर्णयाची सवय, आणि विलीन होऊ घातलेल्या संस्थानांतील सत्तेची चढाओढ, या सर्वांनी त्या आगीस सरपण पुरविले. त्यात भर पडली ती पेढ्यांच्या वार्तेची. अमुक आळीत पेढे वाटले, तमुक वाड्यात साखर वाटली, या बातम्या गावोगाव फिरल्या. त्या सर्वच खोट्या होत्या असे म्हणता येत नाही. ११ सप्टेंबर १९४८ रोजी गोळवलकरांस लिहिलेल्या पत्रात सरदार पटेलांनीच अशा आनंदप्रदर्शनाचा उल्लेख केला आहे. परंतु एका ठिकाणी वाटलेला पेढा शंभर गावांत वाटला गेल्यासारखा होणे, हा लोकवार्तेचा धर्म आहे. ज्या घरास आग लागली त्या घरात पेढे खरोखर आले होते काय, ही विचारपूस आगीआधी कोणी केल्याचे सहसा आढळत नाही.

या घटनेस पुढे कागदोपत्री आणि बोलण्यातही 'अठ्ठेचाळीसचे जळीत' हे नाव मिळाले. घरे गमावलेले लोक 'जळीतग्रस्त' ठरले. शब्द भूकंपग्रस्त, पूरग्रस्त या मालिकेत सहज बसतो. मराठीत 'जळणे' हे अकर्मक क्रियापद आहे आणि 'जाळणे' हे सकर्मक. 'घर जळाले' असे म्हटले की जाळणारा वाक्यातून निघून जातो. गावात राहावयाचे आहे, उद्या त्याच माणसाच्या बांधाला बांध लावून नांगरावयाचे आहे, अशा वेळी हे अकर्मक वाक्य मोठा आधार असते. त्यात भीती आहे, तडजोड आहे, आणि थोडी क्षमाही आहे. 'वावटळ' हे शीर्षक या अकर्मक वाक्याचेच वाङ्मयीन रूप आहे.

माडगूळकरांना या विषयाचा अधिकार अनुभवाने प्राप्त झाला होता. माणदेशातील माडगुळे हे त्यांचे गाव औंध संस्थानात मोडत असे, आणि १९४८ च्या आगीत त्यांच्या कुटुंबाचे घर गेले. येथे एका योगायोगाची नोंद करणे अवश्य आहे. गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतीच्या पायावर रचलेली राज्यघटना १९३९ साली ज्या संस्थानाने अमलात आणली, ते संस्थान औंधच होय. ग्रामस्वराज्याचा प्रयोग जेथे झाला तेथेच गांधीजींच्या नावाने गावाने गावकऱ्यांची घरे पेटविली. कादंबरीकाराने या विरोधाचे भांडवल केले नाही, हा त्याचा संयम म्हणावयाचा की संकोच, याचा निर्णय करणे सोपे नाही.

कादंबरीची रचना प्रवासाची आहे. पुण्यात राहणारे ब्राह्मण तरुण हत्येनंतरच्या दिवसांत आपल्या गावाकडे निघतात. वाटेत बातम्या, अफवा, ओळखीचे आणि अनोळखी चेहरे भेटत जातात. आणि ज्या घराकडे पावले चालली आहेत ते घर शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न वाचकासही त्यांच्याबरोबर चालावयास लावतो. या रचनेचे सामर्थ्य मोठे आहे. जमाव डोळ्यांसमोर दिसण्यापूर्वी तो कानांवर येतो. भय घटनेतून उपजत नाही, अंतरातून उपजते. माडगूळकरांची वाक्ये आखूड, निरलंकार. ती आक्रोश करीत नाहीत. स्वतःचे घर गेलेल्या लेखकाने सोळा वर्षांनी लिहिताना सूडाचा एकही स्वर उमटू दिला नाही, ही गोष्ट वाङ्मयीन गुणाइतकीच नैतिक गुणाची आहे, आणि मराठी समीक्षेने ती योग्य शब्दांत गौरविली आहे.

परंतु गौरवापाशी थांबले तर समीक्षेचे अर्धेच काम होते. 'बनगरवाडी' (१९५५) शेजारी ठेवून 'वावटळ' वाचली असता तिची मर्यादा ध्यानी येते. 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर हाही परकाच. परंतु त्या परक्या नजरेला कारभारी, आनंदा रामोशी, आयबू, रामा अशी एकेक माणसे नावानिशी, खोडींनिशी दिसतात. सारी वाडी एकदिलाने तालीम बांधते, तेव्हा ते सामूहिक कृत्य वाचकास एकेका माणसाच्या हातांतून घडताना दिसते. 'वावटळ'मध्येही सामूहिक कृत्यच आहे, पण तेथे समूहाचे जमावात रूपांतर झाले आहे. तालीम बांधणारे हात लेखकास ठाऊक होते. पलिता धरणारे हात त्यास दुरून दिसतात. हे हात कदाचित तेच असतील, हा विचार कादंबरीच्या कडेपर्यंत येतो आणि तेथून परततो. अमुक माणूस, जो काल बैल मागावयास दारी आला होता, तो आज का आला? गांधींसाठी रडून आला, की खतावणीतील आपले पान जाळावयास आला, की दोन्हींसाठी? जमावाच्या अंतर्यामात शिरण्याची ही वाट कादंबरीस मोकळी होती. ती तिने घेतली नाही. वावटळीला मन नसते. ती उठते, धूळ उडविते आणि निघून जाते. शीर्षक निवडताच हा प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही.

यावर असे म्हणता येईल की, ज्याचे घर जळाले त्यानेच जाळणाऱ्याचे मन उलगडून दाखवावे, ही अपेक्षा क्रूर आहे. आक्षेप मान्य आहे. ती अपेक्षा माडगूळकरांकडून नव्हे, मराठी वाङ्मयाकडून आहे. १९६० नंतर ग्रामीण साहित्य बहरले, बहुजन समाजातून मोठे कथाकार आले, शेतकऱ्याच्या घरातील दारिद्र्य, रुसवे, भाऊबंदकी यांचे सूक्ष्म चित्रण झाले. परंतु अठ्ठेचाळीसच्या त्या आठवड्यात ज्या घरांतून लोक आग लावावयास बाहेर पडले, त्या घरांच्या आतून लिहिलेली, 'वावटळ'ला तोलून धरील अशी कादंबरी मराठीत उभी राहिली नाही.

प्रतिक्रियेचा आणखी एक प्रकार त्याच फेब्रुवारीत दिसला, आणि तो या आगीच्या नेमका समोर ठेवून पाहण्याजोगा आहे. साने गुरुजींनी हत्येनंतर एकवीस दिवसांचे प्रायश्चित्तात्मक उपोषण केले. मारेकऱ्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही महाराष्ट्राच्या हातून हे पाप घडले, म्हणून त्याचा वाटा त्यांनी अंगावर घेतला. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला गांधीजींचे सहकारी जमले असता विनोबांनीही आपण त्याच प्रांताचे आहोत याचा उच्चार केला. तर्काने पाहू गेल्यास जमाव आणि गुरुजी एकाच गृहीतावर उभे आहेत : एकाच्या कृत्यास साऱ्या समाजाने उत्तर दिले पाहिजे. फरक इतकाच की जमावाने ते उत्तर दुसऱ्याकडून वसूल केले, गुरुजींनी स्वतःकडून. 'इतकाच' हा शब्द येथे फसवा आहे, कारण सारे अंतर त्यातच आहे. तथापि गुरुजींच्या उपोषणाकडे केवळ हळवेपणा म्हणून पाहणाऱ्या समीक्षकांनी हे गृहीतसाम्य तपासलेले नाही. सामूहिक अपराधाची कल्पना एकदा मान्य केली की ती कोणाच्या हाती पडेल याची शाश्वती राहत नाही. त्याच वर्षाच्या १५ ऑगस्टला गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. त्याचे वळण पाहता ही अडचण त्यांना स्वतःला उमगली असावी, असे मानण्यास जागा आहे.

आता परभणीकडे वळावयास हवे. जानेवारी १९४८ मध्ये परभणी जिल्हा, त्यात आजचा हिंगोली जिल्हाही आला, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. भारताशी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला 'जैसे थे' करार नावापुरता उरला होता. रझाकारांचा जोर वाढत होता, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे चालू होती. स्वामी रामानंद तीर्थ २६ जानेवारीस पुन्हा पकडले गेले होते. हत्येची वार्ता त्यांना तुरुंगातच कळली. येथील माणसाच्या दृष्टीने दिल्ली परराज्यात होती आणि गांधीजी आपले होते. याच गांधीजींच्या सल्ल्यावरून १९३८ च्या अखेरीस स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला होता; आणि आता दहा वर्षांनी त्यांचेच अनुयायी सीमेवर बंदुका घेऊन बसले होते. उमरी येथील बँकेवर या कार्यकर्त्यांनी घातलेला प्रसिद्ध छापा जानेवारी १९४८ च्या अखेरीचाच. गांधीजींचा जयजयकार करीत शस्त्र हाती घेणे ज्यांना परिस्थितीने भाग पडले, त्यांना गांधीजी शस्त्राने मारले गेल्याची बातमी त्याच दिवसांत ऐकावी लागली. यापेक्षा मोठा नाट्यविषय मराठवाड्याच्या लेखकास कोणता हवा होता? बी. रघुनाथांसारखा समर्थ लेखक त्या वेळी परभणीतच नोकरी करीत होता. निजामी राजवटीतील कनिष्ठ मध्यमवर्गाची घुसमट त्यांच्याइतकी कोणी जाणली नाही. १९५३ साली वयाच्या चाळिशीतच त्यांचे निधन झाले, आणि जे त्यांच्या लेखणीतून येऊ शकले असते त्याचा केवळ तर्कच करावा लागतो.

सातारा-कोल्हापूरकडील जळिताची लाट ही मूलतः त्या भागातील सामाजिक ताणांची निपज होती. येथील ताण वेगळे होते. जहागिरी, देशमुखी-देशपांडेपणाची वतने, रझाकारांचे भय आणि सीमेपलीकडे पळून जाणारी कुटुंबे यांत ब्राह्मण-मराठा हा भेद नाहीसा झाला नव्हता, पण तात्पुरता मागे पडला होता. त्यामुळे मराठवाडा त्या आगीतून निसटला, अशी समजूत सुखद वाटते. परंतु येथील आग सात महिन्यांनी लागली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांचा सूड सामान्य मुसलमानांवर उगविला गेला. पंडित सुंदरलाल व त्यांचे सहकारी त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरले. मृतांची संख्या कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार असावी, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळलेले त्यांनी गणले. परभणी त्या चारांत नाही. पण नांदेड परभणीच्या उंबऱ्यावर आहे. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. आणि या साऱ्या घटनाक्रमास लोकभाषेत नाव मिळाले ते 'पोलीस ॲक्शन'! सैन्याने केलेली चढाई पोलिसांच्या नावावर, आणि लोकांनी केलेली कत्तल कोणाच्याच नावावर नाही. आजही या भागात वृद्ध माणसे काळ मोजताना 'रझाकाराच्या वेळी' आणि 'ॲक्शनच्या वेळी' असे दोन टप्पे सांगतात. पहिल्या टप्प्याचा कर्ता ठळक आहे. दुसऱ्या टप्प्याची वाक्ये पुन्हा अकर्मक होतात : 'वाडा पडला', 'मोहल्ला रिकामा झाला', 'ते लोक गेले'.

एका माणसाच्या कृत्यासाठी त्याची जात, किंवा एका संघटनेच्या कृत्यासाठी तिचा धर्म, उत्तरदायी धरणे हे फेब्रुवारीतील आणि सप्टेंबरातील कृत्यांचे समान सूत्र आहे. प्रमाण अर्थातच अतुलनीय आहे. फेब्रुवारीत मुख्यतः घरे गेली, सप्टेंबरात माणसे गेली. तरीही मराठी साहित्याच्या अभ्यासात या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या जात नाहीत, हे नवल आहे.

परभणी जिल्ह्याने या विषयास जे दिले ते कादंबरीच्या रूपाने नव्हे, वैचारिक निबंधाच्या रूपाने. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील कुरुंदे गावी १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर हत्येच्या वेळी पंधरा वर्षांचे होते. गोपाळ गोडसे यांचे 'गांधीहत्या आणि मी' हे पुस्तक १९६७ साली निघाले, सरकारने ते जप्त केले, आणि १९६९ साली मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द ठरविली. कुरुंदकरांनी 'शिवरात्र' (१९७०) या संग्रहात त्याचा परामर्श घेतला. बंदीची भाषा न करता युक्तिवादास युक्तिवादाने भिडणे, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून नेटके मांडून मग त्याचे सांधे मोकळे करणे, ही त्यांची रीत. पंचावन्न कोटींच्या प्रश्नाकडे त्या रीतीने पाहावे : ती रक्कम देण्याचा निर्णय जानेवारी १९४८ च्या मध्यास झाला, पुण्यात गांधीजींच्या स्वागताच्या वेळी बाँब पडला तो १९३४ साली. जे कारण कार्याच्या चौदा वर्षे मागून येते त्यास निमित्त म्हणावे, कारण म्हणू नये.

परंतु कुरुंदकरांचा निबंधही मारेकऱ्याच्या पक्षाशी बोलतो; जमावाशी बोलत नाही. ही त्या काळाची वाटच होती. नोव्हेंबर १९६४ मध्ये, म्हणजे 'वावटळ' ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, गोपाळ गोडसे यांच्या सुटकेप्रीत्यर्थ पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली; तेथील भाषणांतून उठलेल्या वादळामुळे पुढे कपूर आयोग नेमला गेला. सारी चर्चा पुन्हा कट, पूर्वसूचना आणि हेतू यांकडे वळली. १९९८ साली प्रदीप दळवी यांचे 'मी नथुराम गोडसे बोलतोय' रंगभूमीवर आले, त्यावर बंदी आली आणि २००१ मध्ये न्यायालयाने ती उठविली. चर्चा पुनश्च तेथेच.

या दोन शीर्षकांत एक सर्वनाम समान आहे, ते कोणाच्याही लक्षात येईल. 'गांधीहत्या आणि मी'. 'मी नथुराम गोडसे बोलतोय'. मारणाऱ्याच्या बाजूस 'मी' मिळाला, तोही ठसठशीत, टाळ्या घेणारा. प्रायश्चित्त घेणाऱ्या गुरुजींपाशी 'मी' होता. ज्याचे घर गेले त्याचा 'मी' 'वावटळ'मध्ये आणि आत्मपर लेखनात संयमाने बोलला. मराठीत १९४८ विषयी प्रथमपुरुषी एकवचनात ज्याने अजून तोंड उघडले नाही, तो पलितेवाला. 'मी गेलो होतो. मीच दार फोडले' असे सांगणारा माणूस आपल्या कादंबरीत नाही, आत्मचरित्रात नाही, आणि सप्टेंबरच्या घटनांविषयी तर त्याची सावलीही नाही. हैदराबाद लढ्याविषयीच्या मराठी ग्रंथांत, अनंत भालेराव यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) या मोलाच्या ग्रंथासह, सहन करणाऱ्याचा आणि लढणाऱ्याचा आवाज आहे. तो असणे न्याय्यच आहे.

हा आवाज आता प्रत्यक्ष मिळण्याची शक्यता जवळजवळ संपली. १९४८ साली विशीत असलेला माणूस आज हयात असल्यास शंभरीच्या घरात असावयाचा. त्याच्या मुलांनी आणि नातवंडांनी ऐकलेले मात्र अद्याप शिल्लक आहे. वसमत, जिंतूर, पाथरी, गंगाखेड या भागांतील घरांतून ते ऐकणाऱ्या अभ्यासकाने घटनेआधी क्रियापदे टिपावीत. कोणते घर 'पडले' आणि कोणते 'पाडले', कोण 'गेला' आणि कोणास 'घालविले', हे सांगणारा कोठे क्षणभर अडखळतो, आणि अडखळून कोणते रूप निवडतो.